वाऱ्याचा बंदोबस्त

गीझर दुरुस्तीच्या त्या दुकानात फोन ती उचलायची, आणि सगळे तिला वहिनी म्हणायचे. पंचविशीतला पोरगा वहिनी म्हणायचा आणि सत्तरीचा म्हाताराही वहिनीच म्हणायचा. दुकान नवऱ्याचं, पाना-पक्कड धरणारे हातही नवऱ्याचे. कान मात्र तिचे.

"फोन जरा गीझरजवळ धरा," ती सांगायची, "आणि गरम पाण्याचा नळ सोडा." मग पेन खाली ठेवून ऐकत राहायची. ठिणगीची टकटक आलीच नाही, तर सेल संपले. टकटक आली आणि पुढं काहीच नाही, तर गॅस पोचत नाही. टकटक बराच वेळ चालली आणि मग एकदम दणकन पेटलं, तर बर्नरवर काजळी धरली, ब्रशनं झाडून घ्यायला हवी. पाण्याची धारच बारीक आणि गीझर गप्प, तर पाणी आत येतं तिथल्या जाळीत गाळ अडकलाय.

"वहिनी, सकाळपासून नुसता टकटक करतोय. पेटेचना."

"सिलिंडर चालू आहे का?"

पलीकडं चपला फटफटत गेल्याचा आवाज, चपला फटफटत आल्याचा आवाज.

"झालं हो. सॉरी, वहिनी."

"मला कशाला सॉरी? गार पाण्यानं आंघोळ ज्यांनी केली, त्यांना म्हणा."

नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी आपला कंपाउंडर. डॉक्टर तिकडं फोनवर बसलेत." तो चिडवायला म्हणायचा आणि तिला ते आवडायचं. तिच्याकडं एक जाडजूड वही होती. तारीख, पत्ता, तक्रार, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: मिटली. नवऱ्यानं जाऊन मिटवलेल्या तक्रारी निळ्या शाईत, फोनवरच मिटलेल्या हिरव्या. दिवसाअखेर ती हिरवे शब्द मोजायची. चौदा वर्षांत शेकडो न्हाणीघरं तिनं अशी ऐकली होती. पाहिलं मात्र एकही नव्हतं.

त्या वर्षी वाऱ्याचे दिवस लांबले. दुकानाची पाटी रात्रंदिवस कुरकुरायची. अशात एका सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाचा असतो तसा चढा आवाज.

"आम्ही चौथ्या मजल्यावर. समोर सगळं मोकळं. वारा सुटला की ज्योत विझते हो! बायको अंगाला साबण लावून उभी, आणि नळाला बर्फ! मग माझा उद्धार."

तिनं फोन गीझरजवळ धरायला लावला. भप्प, ज्योत, आणि तिच्यामागं पत्र्याच्या पाइपात घुमणारा वारा. गीझरचा धूर त्या पाइपानं बाहेर जातो. इथं वाराच त्यातून उलटा आत शिरत होता. पाइपाच्या तोंडाला एक टोपी बसवायची, धुराला वाट राहते आणि वारा अडतो. अर्ध्या तासाचं काम.

"काका, वाऱ्याचा बंदोबस्त करायला लागेल!"

"काय?"

"बंदोबस्त! वाऱ्याचा!"

"बंदोबस्त. हां, हां."

टोपीचं ती सांगणारच होती. पण तेवढ्यात एकजण काखोटीला गीझर मारून काउंटरवर येऊन उभा राहिला, तान्ह्या पोराला दवाखान्यात आणावं तसा. "शनिवारी माणूस पाठवते," एवढं ओरडून तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी काकांचाच फोन. "माणूस पाठवू नका. मीच केला बंदोबस्त. जन्मभर पुस्तकांचं बाइंडिंग केलं, हात अजून गंजले नाहीत म्हटलं."

"वा, काका! अशानं आमचं दुकान बंद पडायचं."

दोघंही हसले. तिनं शेवटच्या रकान्यात हिरव्या शाईनं लिहिलं: मिटली. काय केलं, कसं केलं, ते तिनं विचारलं नाही. मिटलेल्या तक्रारीला कोण काय विचारतो?

अकरा दिवसांनी, मंगळवारी, नवरा नुकताच हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडला होता. ती काउंटर पुसत होती. फोन वाजला.

"वहिनी, बाइंडर बोलतोय! आभार मानायचे राहिले होते."

"आभार कसले, काका? केलंत सगळं तुम्हीच."

"पण अक्कल तुमची! बंदोबस्त असा चोख झालाय, की वाऱ्याची बिशाद नाही. ज्योत जरा पिवळी झालीये, पण हलत नाही."

फडकं पुसता पुसता थांबलं. लग्नानंतर नवऱ्यानं तिला शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. निळी ज्योत म्हणजे गीझर श्वास घेतोय. पिवळी म्हणजे गुदमरतोय, आणि आत असलेला माणूसही त्याच्याबरोबर गुदमरणार. त्या विषाला रंग नसतो, वास नसतो. माणसाला कळतसुद्धा नाही. फक्त झोप येते.

"पिवळी? काका, पिवळी कधीपासून?"

"आणि दुसरी गंमत सांगतो," काकांना तिचं बोलणं पोचलंच नव्हतं. "हिला किती वर्षांनी झोप लागायला लागलीये! आंघोळ करून आली की अशी गुंगी येते, चहा गार होतो तरी उठत नाही. डोकं धरतं म्हणते थोडं, पण झोप मात्र फर्स्टक्लास."

"काका!" ती आता उभी राहिली होती. "बंदोबस्त म्हणजे केलंत काय?"

हे मात्र ऐकू गेलं. काकांच्या आवाजाला कारागिराचा पीळ चढला. "तुम्ही सांगितलंत ना, वारा बंद-बस्त करा? अगदी तस्सा केला. व्हेंटिलेटरला आतून पुठ्ठा, त्यावर बाइंडिंगचं कापड, वर खळीचे तीन हात. कडेला नखभर फट दाखवा."

"आणि पाइप?"

"वारा त्याच्यातूनच तर यायचा! काढून माळ्यावर ठेवला, पेपरात गुंडाळून."

तिला दुकान एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. भिंतीवर टांगलेले गीझर, काउंटर, वही, सगळंच.

"काकू कुठं आहेत?"

"आत्ताच गेली आंघोळीला. केस धुवायचेत आज, बसा आता तासभर!"

रोज बादली भरली की नळ बंद होत असणार, आणि नळाबरोबर गीझरही. म्हणून अकरा दिवस नुसत्या गुंगीवर निभावलं होतं. आज केस. आज नळ चालूच राहणार.

ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "काका, बंद करा! आधी बंद करा!"

"हो हो, बंदच केलंय म्हणतो ना! एकदम पॅक!" काका खूश होऊन म्हणाले, "बरं, ठेवतो. दूध वर येतंय."

तिनं पुन्हा नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला. एंगेज. दुधाच्या घाईत म्हाताऱ्यानं रिसीव्हर तिरपा ठेवला असणार. नवऱ्याला लावला, रिंग वाजत राहिली. ड्रिल चालू असलं की त्याला आभाळ कोसळलं तरी ऐकू येत नाही, हे तिला पाठ होतं.

तिनं वही उलटली. हिरव्या शब्दासमोरचा पत्ता सापडला: पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत. दुकानाच्या भिंतीला नवऱ्याची जुनी सायकल टेकलेली होती, नळ्या आणायला वापरायची. शटर उघडंच टाकून, ओढणी कमरेला बांधून ती सायकलवर बसली. शाळा सुटल्यापासून सायकल सुटली होती. पहिल्या वळणावर चाक लटपटलं, भाजीवाला ओरडला, "अहो वहिनी, जीव द्यायचाय का?" ती पुढं गेली होती.

वारा समोरून होता. ती पेडल मारत होती आणि वारा तिला छातीवर हात ठेवून मागं लोटत होता. डोक्यात मिनिटं चालली होती. फोन लावण्यात दोन गेली. वही शोधण्यात एक. काकूंनी आधी केस मोकळे केले असतील, बायका करतात; त्यात दोन. मग नळ सोडला असेल. टकटक, भप्प. ते न ऐकलेले आवाज तिला ऐकू येत होते. चौकात ट्रक आडवा होता. ती उतरली, फूटपाथवरून सायकल रेटली, पुन्हा बसली. बंदोबस्त. मी टोपी म्हणाले असते तर? पाइप म्हणाले असते तर? एक वाक्य, फार तर दोन. काखेत गीझर घेऊन आलेला तो माणूस दोन वाक्यं थांबला असता.

इमारतीच्या फाटकात तिनं सायकल अक्षरशः सोडून दिली. चार मजले. तिसऱ्यापासून ती कठडा धरून स्वतःला वर ओढत चढली. दाराशी बेल दाबून धरली, दुसऱ्या हातानं दार बडवलं. आत कोणी ओट्यावर भांडं आपटलं. आणखी बडवलं. शेवटी दार उघडलं. चष्मा कपाळावर चढवलेला एक ठेंगणा म्हातारा, हातात दुधाची सांडशी.

"कोण पाहिजे?"

चौदा वर्षांत तिनं स्वतःची ओळख कधी चेहऱ्यानं दिली नव्हती. "वहिनी!" ती त्याच्या कानाशी ओरडली. "गीझरवाली! सिलिंडर कुठाय?"

"अरे, वहिनी! या, या, चहा टाकतो..."

ती त्याला बाजूला सारून आत शिरली. सिलिंडर एकतर ओट्याखाली असतो नाहीतर मागच्या गॅलरीत. हे घरं न पाहताही तिला माहीत होतं. ओट्याखाली एक होता, शेगडीचा. दुसरा गॅलरीत. नारिंगी नळी भिंतीतून आत गेलेली. तिनं खटका फिरवला. भिंतीपलीकडची घरघर थांबली.

पाणी मात्र पडत होतं.

ती न्हाणीघराच्या दाराशी गेली आणि सवयीनं कान लावला. पाण्याचा आवाज सरळ होता. अंगावर, केसांवर पडणारं पाणी तुटतं, विखुरतं, मधेच थांबतं. हे पाणी एकसारखं एकाच जागी फरशीवर पडत होतं. तांब्याचा आवाज नाही. बांगडीचा नाही.

"काकू!"

पाणी.

"काकू, ओ द्या!"

काका मागं येऊन उभे होते. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरचं वाचता येत होतं. तिनं त्यांचा हात धरून दारावर ठेवला आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "त्या, ओ, देत, नाहीत."

सांडशी खाली पडली. "अगं!" म्हातारा दोन्ही मुठींनी दार ठोकू लागला. "अगं, ए! दार उघड! अगं, मी आलोय!"

दार जुनं, भक्कम. आतून आकडा. दार आणि चौकट यांच्यात बोट जाणार नाही एवढी फट, त्या फटीत आकड्याची काळी रेघ.

"पट्टी आहे? काका, पट्टी! पातळ, पोलादी!"

बाइंडराच्या घरात पट्टी शोधावी लागत नाही. खिडकीतल्या मेजावरून त्यानं ती आणली तेव्हा त्याचे हात इतके कापत होते, की पट्टी हवेत चमकत होती. तिनं ती घ्यायला हात पुढं केला. पण पट्टी फटीला टेकली आणि त्याची बोटं स्थिर झाली. पुस्तकाच्या पाठीत सुरी घालावी तशी त्यानं ती आत सरकवली, आकड्याखाली आणली आणि मनगटानं अलगद वर उचलली. खट्.

दार अर्धंच उघडलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान एका खांद्यावर, केसांत फेस, गालांवर तापातल्यासारखी लाली. नळाचं गार पाणी त्यांच्या पायांशी पडत होतं. आतली हवा कोंदट, ओली, आणि तिला नुसता साबणाचा वास होता. तिनं श्वास रोखला, काकूंच्या काखेत हात घातले आणि मागं ओढलं. काकांनी पाय उचलले. गॅलरीपर्यंतचं अंतर दहा पावलं असेल. तिथं वारा होता, भरपूर. त्यांनी त्यांना वाऱ्यात निजवलं, चादर पांघरली.

"श्वास आहे का? वहिनी, आहे का?"

तिनं काकूंच्या तोंडाशी कान नेला. आयुष्यात इतकं बारीक तिनं कधी ऐकलं नव्हतं. गॅलरीतले कपडे फडफडत होते, खाली कुठंतरी हॉर्न वाजत होता. त्या सगळ्याच्या तळाशी एक धागा. आत. बराच वेळ काही नाही. मग बाहेर.

"आहे."

तिनं घरात धावत जाऊन तिरपा रिसीव्हर नीट ठेवला, उचलला, आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता, मजला, "गीझरच्या धुरानं" हे शब्द ती दोनदा बोलली, आणि पलीकडून परत म्हणवून घेतले.

ती परत आली तेव्हा काकांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते पंच्यानं तिच्या केसांतला फेस पुसत होते, एकेक बट, जणू आता तेच काम महत्त्वाचं. काकूंच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. काकांना ऐकू येणं शक्यच नव्हतं; ती वाकली.

"काय म्हणते? काय म्हणते हो?"

"विचारतायत, पाणी गार कुणी केलं."

म्हातारा रडायला लागला.

दवाखान्यात काकूंना दोन दिवस प्राणवायूवर ठेवलं. आणखी पाचेक मिनिटं गेली असती तर आपण काही करू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी दोन्ही दिवस हे वाक्य भेटेल त्याला सांगितलं, आणि पुढं दर वेळी म्हटलं, "माझ्या हातांनी केलं मी. माझ्या हातांनी." एकदा मात्र, व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी बसलेले असताना, ते तिला हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही बंदोबस्तच म्हणाला होतात ना? का मलाच..."

"मीच म्हणाले होते," ती म्हणाली. टोपीचं ती बोलली नाही.

त्या रात्री नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर-कंपाउंडरचं काही काढलं नाही. "शनिवारी मी जायला हवं होतं," तो म्हणाला, "त्यांनी नको म्हटलं तरी." मग त्यानं विचारलं, "वहीत किती हिरव्या आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन बसली आणि एकेका हिरव्या शब्दाला फोन लावू लागली. व्हेंटिलेटर उघडा आहे ना? पाइप बाहेर निघतो ना? ज्योतीचा रंग बघून सांगा, मी थांबते.

"वहिनी, गिऱ्हाइकं आटली वाटतं? फोन करकरून बोलावताय?"

"हो, आटली. रंग बघा."

एका घरात व्हेंटिलेटरला थंडीसाठी उशी लावलेली निघाली. एका घरात पाइपात पाखराचं घरटं. ते दोन पत्ते तिनं चिठ्ठीवर उतरवले आणि नवऱ्याबरोबर स्वतः गेली. परत आल्यावर लिहायला पेन उचललं तेव्हा 'मिटली' हा शब्द काही तिच्या हातून उतरेना. थोडं थांबून तिनं काळ्या शाईनं लिहिलं: पाहिली.

काकू घरी आल्यावर चार दिवसांनी ती त्यांच्याकडं नवा पाइप आणि टोपी घेऊन गेली. नवरा खाली सायकलवरून सामान सोडवत होता. व्हेंटिलेटरवरचं काम निघता निघेना. सुरी घातली तर कापड निघायचं, पुठ्ठा राहायचा. काका दारात उभे होते. आपल्याच खळीचा चिवटपणा बघून त्यांची मान खाली गेली होती.

"काय पक्कं करून ठेवलंत, काका."

"चाळीस वर्षांत माझं एक पुस्तक सुटून परत आलं नाही हो," ते पुटपुटले.

शेवटचा तुकडा निघाला तसा वारा आत आला आणि दोरीवरचा पंचा हलला. नवऱ्यानं पाइप भिंतीबाहेर काढला, टोपी चढवली, सांध्यांना साबणाचा फेस लावून कुठं बुडबुडा येतो का ते पाहिलं. मग गीझर पेटवला. टकटक, भप्प. निळी ज्योत. त्यानं कागदाची एक बारीक पट्टी गीझरच्या वरच्या कडेशी धरली. ती पाइपाच्या दिशेनं आत ओढली गेली. "धूर बाहेर चाललाय," तो म्हणाला. "झालं काम."

काकू खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. आल्यापासून त्या शेगडीवर पाणी तापवून घेत होत्या.

"मी नाही जायची त्यात," त्या म्हणाल्या. "कागद ओढला जातो, ते ठीक. मी कागद नाही. दहा मिनिटं आत थांबून दाखवा कुणीतरी, मग बघू."

नवरा काहीतरी समजावू लागला. तिनं त्याला हातानं थांबवलं, चपला काढल्या, आणि न्हाणीघरात गेली. नळ सोडलेलाच होता. तिनं दार आतून लोटून घेतलं, आकडा मात्र लावला नाही.

आत ती एकटी आणि ज्योत. चौदा वर्षं ऐकलेला आवाज आता तिच्या डोक्याच्या उंचीवर होता. फोनमध्ये वाटायचा त्याहून कितीतरी मोठा. आरसा वाफेनं धुरकटला. पाठीला घाम आला. वर व्हेंटिलेटरमधून वारा येत होता, पाइपाची टोपी बाहेर खडखडत होती, ज्योत एकदा थरथरली. ती तिच्याकडं बघत राहिली. निळी. अजून निळी.

"वहिनी!" बाहेरून काका ओरडले.

"आहे!"

एक मिनिट गेलं असेल.

"वहिनी!"

"आहे, काका!"

काकूंनी दहा मिनिटं सांगितली होती. बाहेर म्हातारा घड्याळ हातात घेऊन दाराला कान लावून बसला होता, ऐकू येत नसतानाही, आणि दर मिनिटाला तिला हाक मारत होता. आणि ती दर वेळी, त्याला पोचेल इतक्या मोठ्यानं, ओ देत होती.